कितवा काढा

दुपारी आडवं पडायचं म्हणजे पाठीला जमिनीची ओळख करून द्यायची, एवढाच कांचनचा रिवाज. डोळा लागणं वगैरे चैन तीस वर्षांच्या संसारात तिला कधी जमली नाही. आजही ती माजघरात चटईवर पडली आहे ती पाळण्याची दोरी हातात धरूनच. पाळण्यात चोवीस दिवसांची नात आहे. पलीकडे कॉटवर नातीची आई, म्हणजे कांचनची लेक ऋतुजा, शाल गळ्यापर्यंत ओढून पडली आहे. बाहेर सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, नवरा दिनकर तोंडावर पेपर घेऊन खुर्चीत घोरतो आहे. साडेतीनला त्याला बेदाण्याच्या शेडवर जायचं आहे. माघाचं ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर बसलं आहे आणि तासगावातलं प्रत्येक कुत्रं कुठल्यातरी सावलीला गपगार पडलं आहे.

ऋतुजाला चार दिवस ताप आहे. उजवी छाती दगडासारखी झाली आहे, वरची कातडी लाल आहे, बाळाला पाजताना ती उशीचा कोपरा दातात धरते. पुण्याला मोठ्या नोकरीत असलेली ही पोर बाळंतपणाला माहेरी आली ती ठरवूनच आली, की इथे सगळं घरचं. गोळी म्हटलं की ती मान हलवते. "आई, दूध बाळाच्या पोटात जातंय. आज्जी असती तर तिनं काय केलं असतं, ते कर." आणि कांचन करते. पहिल्या दिवशी गरम पाण्याचा शेक दिला, दुसऱ्या दिवशी कोबीची गार पानं लावली, काल निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला. आज सकाळी कोरफडीच्या गरात हळद कालवून लेप दिला आणि "संध्याकाळपर्यंत बघू" असं म्हणाली.

तिला काळजी वाटायला हवी, हे तिला कळतं. वाटत मात्र काही नाही. दहा महिने झाले, तिला कशाचंच काही वाटत नाही. सासू गेली तेव्हा ती रडली नाही, तेव्हा बायका कुजबुजल्या. नात झाली, सगळी म्हणाली की आज्जीच परत आली पोटाला, तेव्हा ती हसली नाही, तेव्हाही कुजबुजल्या. कांचनचं स्वयंपाकघर मात्र बिनबोभाट चालू आहे. बाळंतिणीला आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सुंठ-गुळाची गोळी, शेपूची भाजी, भाकरीवर तुपाची धार, सगळं वेळच्या वेळी. चव बघताना जीभ काही सांगत नाही. हात आपला सांगतो की मीठ बास, आणि मीठ बरोबर असतं.

ती दोरी ओढते, सोडते. ओढते, सोडते. दिनकरचं घोरणं जरा लांब जातं. शेजारी कुणीतरी धुणं आपटत असतं, तो आवाज लांब जातो. मग दोरी ओढली जाते, सोडली जाते, पण ओढतं कोण ते काही तिला नीट समजत नाही.

ओव्याचा वास येतो आहे.

ती उठून स्वयंपाकघरात जाते. गॅसचा ओटा जागेवर नाही. तिथे जुनी मातीची चूल आहे आणि चुलीपुढे पाटावर हौसाबाई बसल्या आहेत. हौसाबाई म्हणजे तिची सासू. गेल्या चैत्रात वारल्या. अंगावर हिरवं इरकल आहे, मांडीशी बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा आहे, ज्यात त्यांची सगळी मुळं-साली छोट्या छोट्या पुरचुंड्यांत बांधलेली असत. कांचनला नवल वाटत नाही. तिला एवढंच वाटतं, की आत्तींना चहा ठेवायला हवा आणि दूध तर सकाळीच संपलं.

"आलीस? बस की," हौसाबाई म्हणतात.

"आत्ती, तुमी कवा आला?"

"मी कुटं गेलते?"

"गेलता की. चैतात."

"व्हय व्हय," हौसाबाई म्हणतात, जशी एखादी बाई गॅस बंद करायचा राहिलाय हे आठवून म्हणते. "गेलते खरं. ध्यानातच ऱ्हात न्हाई."

त्या चुलीवरच्या पातेल्यात पळी फिरवतात. आख्ख्या गल्लीला या हाताचं औषध. पोरांचा खोकला, बायकांची कंबर, म्हाताऱ्यांचं पोट, सगळं या पाटाशी यायचं. पण हौसाबाई काही मंतर घालणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांचा एक नेम होता आणि तो त्या कुणासाठीही मोडत नसत. औषध तीन वेळा द्यायचं. उजव्या हाताच्या करंगळीच्या तीन पेरांवर अंगठा टेकवून त्या मोजायच्या. तिसऱ्यांदा उतार पडला नाही, तर आजार आपल्या डब्यातला नाही. मग त्या माणसाला उठवूनच बाहेर काढायच्या. "जा, डॉक्टरकडं जा. हितं बसलास तर बडवीन." सरपंचाच्या बायकोलाही त्यांनी असं हाकललं होतं. गल्लीतले डॉक्टर त्यांना नमस्कार करायचे ते त्याचमुळे.

"कसला काढा करायलाय?" कांचन विचारते.

"तूच केलेला हाय. मी नुसता ढवळायले."

कांचन पातेल्यात बघते. काढा आहे. उकळतो आहे, पण वाफ येत नाही. तिने हात वर धरला तरी हाताला ऊब लागत नाही.

"चल, वाळत घालू," हौसाबाई म्हणतात आणि परसदार उघडतात.

परसात बेदाण्याची शेड आहे. दिनकरची शेड गावाबाहेर तीन किलोमीटरवर आहे, पण आज ती परसात आहे आणि कुणाची त्याला हरकत नाही. द्राक्षं वाळवायच्या जाळ्यांचे अकरा थर एकावर एक, खालपासून वरपर्यंत, लांबच लांब. त्यांवर द्राक्षं नाहीत. काढ्याच्या वाट्या ठेवल्या आहेत. हौसाबाई एकेक वाटी पदराने पुसतात आणि पुन्हा जाळीवर ठेवतात. वारा इकडून तिकडे आरपार जातो आहे. एकही वाटी हलत नाही.

"ही कितवी गं?" पहिल्या वाटीवर बोट ठेवून हौसाबाई विचारतात.

"पयली. ओव्याची. छाती भरल्यागत वाटतंय म्हणालता, गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. वात धरलाय म्हणालता."

"आनि ही?"

"ही सुंठंची. दुसऱ्या दिवसाची."

"म्हंजे दुसरी."

"न्हाई," कांचन म्हणते. "ही बी पयलीच. आदीची ओव्याची हुती, ही सुंठंची. औषध बदललं, मग मोजणी नव्यानं."

"बरोबर," हौसाबाई म्हणतात. "असंच म्हणालते मी. आनि तिसऱ्या दिवशी?"

"हिंग-जिऱ्याची."

"ती कितवी?"

"पयली."

हे सगळं ती एखाद्याने किराण्याची यादी वाचावी तसं सांगते. तिला आठवतंय सगळं. सासूने तिन्ही दिवस तिला बजावलं होतं की दिनकरला सांगू नकोस, त्याचा हंगाम चालू आहे, उगाच धावपळ करेल, वाताचंच आहे, उतरेल. कांचनने पाहिलं होतं की आत्तींच्या कपाळावर घाम आहे आणि डावा हात त्या मांडीवर नुसता ठेवून देतात. तिने पाहिलं आणि सुंठ कुटली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती काढा गाळत होती, तेव्हा आतल्या खोलीत तांब्या पडल्याचा आवाज झाला. माणसं जमली, दिनकर शेडवरून धावत आला, आणि सगळी म्हणाली, अचानक गेल्या. दिनकर अजून तेच म्हणतो. कुणी भेटायला आलं की सांगतो, "काही दुखणं न्हाई, खुपणं न्हाई, आई चालता-बोलता गेली." कांचन शेजारी उभी राहून चहाचे कप गोळा करते.

शेडच्या त्या टोकाला दवाखान्याचा व्हरांडा आहे. हिरवट भिंत, लांब लाकडी बाक, फिनेलचा वास. दोघी बाकावर बसल्या आहेत. डबा हौसाबाईंच्या मांडीवर आहे. समोरच्या दारावर पडदा आहे आणि पडद्यामागून कुणी कुणाला बोलावत नाही.

"हितंच आणायला पायजे हुतं तुमास्नी," कांचन म्हणते.

"पायजे हुतं."

कांचन वळून त्यांच्याकडे बघते. तिला वाटलं होतं की आत्ती म्हणतील, जाऊ दे पोरी, वेळ आली होती. सगळी तेच म्हणतात. तिने कुणाला काही सांगितलेलं नसतानाही म्हणतात.

"तुमीच नको म्हणाला."

"म्हणालते की. भ्याले हुते मी." हौसाबाई डब्याच्या झाकणावरून हात फिरवतात. "आख्ख्या गल्लीनं माझ्या हातचं खाल्लं. आनि मी उठून हितं यायचं, ह्या बाकावर बसायचं? लोकास्नी काय वाटंल, ह्याचं भ्या वाटलं. मरायचं न्हाई वाटलं, बघ. माणूस काय येडं असतंय."

"मला कळत हुतं, आत्ती."

"ठावं हाय मला. तुला कळत हुतं हे मला दिसत हुतं. म्हणून तर तुझ्याकडं बगत नव्हते मी."

कांचनला वाटतं, आता रडू यायला हरकत नाही. ती वाट बघते. डोळे कोरडेच राहतात. गेले दहा महिने छातीत कुणीतरी ओलं पोतं भरून ठेवलंय आणि ते तिथेच आहे, जागचं हलत नाही.

"टाच बघू," हौसाबाई एकदम म्हणतात.

"काय?"

"टाच. भेगा किती पडल्यात. थंडी सरत आली तरी काय लावलं न्हाईस. घरादाराला लेप लावत हिंडतीस."

आणि त्या बाकावरून खाली उतरतात, फरशीवर बसतात आणि सुनेचा डावा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतात. कांचन शहारायला हवी. सासूने सुनेचा पाय धरायचा, हे कुठे झालंय?

"आत्ती, पाय नका धरू. पाप लागतंय मला."

"गप. मेलेल्या बाईला कसलं आलंय थोरपण. आनि हालू नगंस."

त्या डब्यातून बिब्बा काढतात, काळाभोर, टपोरा. दाभणाला टोचतात. दवाखान्याच्या फरशीवर एक पणती आहे, तिच्यावर धरतात. बिब्ब्याचं तेल फुलून येतं, काळं, चकचकीत. त्या दाभण टाचेवर आणतात आणि सर्वांत खोल भेगेत एक थेंब सोडतात.

"चटका बसला?"

"न्हाई," कांचन खरं ते सांगते.

"बसंल," हौसाबाई म्हणतात.

त्या पाय सोडत नाहीत. अंगठ्याने टाच दाबून धरतात. मान खाली घालूनच विचारतात, "ऋतीला काय लावलंस आज?"

"कोरफड. हळद घालून."

"कितव्यांदा?"

"पयल्यांदाच. सकाळी—"

व्हरांड्यात काही हलत नाही. पडदाही हलत नाही.

"काल?"

"निरगुडी."

"ती कितवी?"

कांचनला शेडमधल्या जाळ्या दिसतात. व्हरांड्याच्या भिंतीतूनच त्या सुरू होतात. सर्वांत खालच्या जाळीवर ऋतुजा झोपली आहे, सात-आठ वर्षांची, शाळेच्या फ्रॉकमध्ये, आणि शाल गळ्यापर्यंत ओढली आहे. तिच्या भोवती वाट्या मांडल्या आहेत. पाणी, कोबी, निरगुडी, कोरफड. प्रत्येक पहिली.

"तीन म्हंजे तीन," हौसाबाई म्हणतात. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढतो, हाकलताना चढायचा तसा. "औषध बदललं म्हणून आजार बदलतोय व्हय गं? आजाराला काय ठावं तू काय कालवलंस? मी लबाडी केली. मोजणीत लबाडी केली मी, जल्मात पयल्यांदा, आनि ती तू माझ्याकडनं शिकलीस. बाकी एवढं शिकीवलं, ते न्हाई ध्यानात ठेवलंस. हेच बरं घेतलंस उचलून."

"आत्ती, मला कायच वाटत न्हाई वो," कांचन म्हणते. "मी हात लावते तिच्या अंगाला. ताप हाय का न्हाई ते हाताला समजतंय. मला समजत न्हाई."

हौसाबाई वर बघतात. चेहरा थकलेला आहे, त्या शेवटच्या तीन दिवसांतला. दया नाही त्यात आणि रागही नाही.

"वाटायची वाट बघत बसू नगंस," त्या म्हणतात. "ऊठ. हितं बसलीस तर बडवीन."

पडद्यामागे बाळ रडायला लागतं. एकच बाळ, पण आवाज अकराही थरांतून येतो आहे. हौसाबाई डब्याचं झाकण लावतात, ते काही केल्या बसत नाही, आणि त्या दोन्ही हातांनी ते दाबत राहतात.

दोरी कांचनच्या हातातून सुटली आहे. पाळणा थांबला आहे आणि बाळ लालबुंद होऊन रडतंय. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं आहे. दिनकर सोप्यात चपला शोधतोय, एकीकडे "अगं, रडतंय ते" असं म्हणतोय.

कांचन उठायला जाते आणि डावा पाय टेकताच तिच्या तोंडून "आई गं" निघतं. ती मटकन खाली बसते. पाय वळवून बघते. टाचेच्या सर्वांत खोल भेगेत काळाभोर ठिपका आहे, चिंचोक्याएवढा, आणि त्याच्या कडेने कातडी टरारून वर आली आहे. बोट लावलं तर आग होते. ती पुन्हा लावते. पुन्हा होते. आग पोटरीपर्यंत चढते, तिथून थेट डोळ्यांत येते. घरात बिब्बा नाही. बाळाच्या अंगाला चुकून लागेल, फोड येतील, म्हणून ऋतुजा यायच्या आधीच तिने होते नव्हते ते सगळे बिब्बे उकिरड्यावर टाकले होते.

ती भिंतीला धरून उठते आणि टाच उचलून, लंगडत कॉटपाशी जाते. ऋतुजाच्या कपाळावर हात ठेवते. कपाळ तव्यासारखं तापलं आहे. पोर थरथरते आहे आणि दात दातांवर आपटताहेत. हे किती वेळ चाललंय? सकाळपासून? कालपासून? ताप आज नुसता हाताला नाही, तिलाही समजतो, दहा महिन्यांनी.

"अवो," ती ओरडते. "गाडी काढा."

दिनकर एका पायात चप्पल घालून दारात येतो. "आता? शेडवर गडी खोळंबल्यात. काय झालं?"

"ऋतीला दवाखान्यात न्यायचंय. आत्ताच्या आत्ता. चार दिस झालं, मी मोजायचं चुकले."

"काय मोजायचं?"

कांचन बाळाला उचलून छातीशी धरते. पुढचं वाक्य दहा महिने तिच्या जिभेखाली पडून आहे. आता नाही निघालं तर कधीच निघणार नाही, हे तिला कळतं, आणि या खेपेला भीतीसुद्धा वाटते.

"आत्ती बी अचानक न्हाई गेल्या. तीन दिस छाती दुखत हुती त्यांची. मला ठावं हुतं. मी काढं देत बसले. तुमाला सांगितलं न्हाई."

दिनकरच्या हातातली दुसरी चप्पल हातातच राहते. त्याच्या चेहऱ्यावर काय येतंय ते बघायला कांचन थांबत नाही, तिला तेवढा वेळ नाही. तोही थांबत नाही. तो वळतो आणि किल्ली खुंटीवरून ओढताना किल्लीबरोबर खुंटीही उपटून येते.

कांचन ऋतुजाला उठवून बसवते, तिच्या काखेत हात घालते. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताला लेक, आणि डाव्या पायाची टाच जमिनीला लागू न देता ती उंबऱ्याकडे निघते. प्रत्येक पावलाला तिचा चेहरा वेडावाकडा होतो आणि गालांवरून पाणी ओघळतं. ते पुसायला हात रिकामा नाही.

तापाच्या गुंगीतही ऋतुजा आईकडे बघते. आजीच्या मयताला न रडलेली आई रडते आहे, हे बघून ती घाबरते.

"आई, तुला काय झालं?"

"दुखायलंय गं," कांचन म्हणते. "लई दुखायलंय."